विरलेल्या ड्रेसचा पंचनामा

ताईने ड्रेस हातात दिला तेव्हा त्याची नीट घडी होती. उलगडून उजेडात धरला तर पाठीतून समोरची खिडकी दिसली. "जसाच्या तसा शिवून दे. पॅटर्न तुझ्याकडे आहेच, मापं तीच आहेत," ताई म्हणाली. मीही हो म्हटलं. एका सुट्टीत बेतून होईल, दुसऱ्या सुट्टीत शिवून. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले, कारण ताईच्या त्या वाक्यातली प्रत्येक गोष्ट अर्धीच खरी निघाली.

आधी ड्रेसची ओळख. सात वर्षांपूर्वी मीच शिवलेला. गडद निळं सुती कापड, त्यावर बारीक छपाई. गोल गळा आणि त्याला आतून पट्टी, आखूड बाह्या, पुढे छातीचे आणि कंबरेचे डार्ट (आकार यावा म्हणून शिवलेल्या निमुळत्या चुण्या), मागे नुसते कंबरेचे. कंबरेला जोड, खाली सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा घेर, दोन्ही बाजूंच्या शिवणीत खिसे, डावीकडे चेन. आठवड्यातून एकदा घातला असं धरलं तरी साडेतीनशेच्या वर धुणी झाली. कापडाने आपलं काम पुरेपूर केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

आधी उसवायचं

ताईची पहिली अट होती की जुना ड्रेस उसवायचा नाही. "फाटका असला तरी घरात घालीन मी." त्यावर दोन दिवस घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की उजवी बाजू पूर्ण उसवायची आणि डावी तशीच ठेवायची. नाइलाजाने निघालेला हा तोडगा पुढे फार उपयोगी पडला. उसवलेल्या तुकड्यांवरून कापड कसं बेतलं होतं ते कळतं, पण शिवल्यावर ते अंगावर कसं बसत होतं ते कळायला जोडलेली बाजूच लागते.

उसवण्याआधी ड्रेस काचेवर पसरून खालून दिवा लावला आणि जिथे जिथे कापड विरलं होतं तिथे खडूने गोल केले. पाच जागा निघाल्या. सगळ्या फाटण्याचं कारण एकच, जुनेपण, असं धरून चालले असते तर नवा ड्रेसही तिथेच फाटला असता.

बसायच्या जागी कापड सारखंच पातळ झालं होतं, कुठे ओढ नाही, शिवण सरळ. हे निव्वळ बसून बसून घासणं. तिथे पॅटर्नमध्ये काही करायचं नाही. काखेत कापड कडक, पिवळट आणि ठिसूळ. घाम, डिओडरंट आणि घर्षण या तिघांचं ते एकत्र काम, त्यातही बेतण्याचा दोष नाही.

पाठीतली गोष्ट निराळी. उजव्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या वळणाच्या, मागच्या बाजूला, बाहीच्या शिवणीला लागून, बोटभर लांबीची फट होती. शिवणीचा धागा शाबूत होता, एकही टाका तुटला नव्हता. पण शिवणीला समांतर जाणारे उभे धागे बाजूला सरकले होते आणि मधे नुसते आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसत होते. काही पायऱ्या तुटलेल्या. डाव्या मुंढ्यालाही तेच, पण कमी. ताई उजव्या हाताची. हात पुढे गेला की पाठ आडवी ताणली जाते, आणि रुंदी पुरत नसली की ती ओढ शिवणीवर येते. म्हणजे हे म्हातारपण नव्हतं. पाठ पहिल्या दिवसापासून अरुंद होती, कापड सात वर्षं सोसत होतं. विचारल्यावर ताई म्हणाली, "हो, गाडी चालवताना थोडा ओढायचा. मला वाटलं ड्रेस असेच असतात."

चौथी जागा उजव्या खिशाच्या तोंडाचं खालचं टोक, तिथे फोनच्या वजनाने कापड फाटलं होतं. मी त्या वेळी खिशाच्या तोंडाला आतून काहीच आधार दिला नव्हता. पाचवी गळ्याची कड, दुमडीवर झिजलेली. गळा मोजला तर शिवणीवर ६०.५ सेमी भरला. पॅटर्नच्या कागदावर तो ५८ होता. गोल गळ्याच्या वळणात काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि उरेब कापड ताणलं की वाढतं. आत फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) नाही, वळणाला आधाराची टीप नाही, वर्षानुवर्षं हँगरवर टांगलेला. अडीच सेमी वाढला यात नवल नाही.

आता खरा पेच असा होता की ताईला तोच वाढलेला गळा आवडत होता. "सुरुवातीला गळ्याशी टोचायचा, नंतर छान झाला," असं ती म्हणाली. म्हणजे 'जसाच्या तसा' म्हणताना तिच्या डोळ्यासमोर मी शिवलेला ड्रेस नव्हताच. सात वर्षं धुऊन, ताणून, आटून जो तयार झाला तो ड्रेस तिला हवा होता, आणि त्याचा पॅटर्न कुठल्याही कागदावर नव्हता.

कागद

माझा कागद म्हणजे ब्राउन पेपरवर उतरवलेले तुकडे, वर पेन्सिलने 'पुढचा', 'पाठ', 'कळी' इतकंच. मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, धरलंय की नाही, लिहिलेलं नाही. हा प्रश्न किरकोळ नाही. लिफाफ्यात मिळणाऱ्या अमेरिकी पॅटर्नमध्ये सहसा ५/८ इंच, म्हणजे सुमारे १.५ सेमी मार्जिन धरलेलं असतं, 'बुर्दा' या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नमध्ये ते आपलं आपण वाढवायचं असतं. मी त्या काळात दोन्हीकडून पॅटर्न उतरवत होते. चुकीचं धरलं तर दोन बाजूंच्या शिवणींत मिळून चार थर, प्रत्येकी १.५, म्हणजे छातीत ६ सेमीचा फरक. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली अमेरिकेत मापवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. ते सुरुवातीचे पॅटर्न छापलेले नव्हते, कोऱ्या कागदाला भोकं आणि खाचा असायच्या आणि त्यावरून ओळखायचं. निदान त्यांना खाचा होत्या. माझ्या कागदाला त्याही नव्हत्या.

उत्तर उसवलेल्या तुकड्याने दिलं. पुढच्या अर्ध्या भागाची छातीपाशी रुंदी कागदावर २४.५ सेमी, उसवलेल्या कापडाच्या कडेपर्यंत २६. फरक बरोबर १.५, म्हणजे कागद बिनमार्जिनचा.

पण कंबरेपाशी हिशोब जुळेना. शिवण कागदाच्या रेघेवर नव्हती. कापडाकडे नीट पाहिलं तर मार्जिनच्या आत एक गडद पट्टी दिसली. रंग अगदी नव्यासारखा, आणि तिच्या बाहेरच्या कडेला सुईच्या भोकांची एक जुनी रांग. तेव्हा आठवलं. पहिल्या वेळी शिवून झाल्यावर कंबर सैल वाटली, म्हणून मी बाजू आत घेतल्या होत्या. प्रत्येक थरात ०.८ सेमी. ऐकायला क्षुल्लक, पण चार थरांत ३.२ सेमी होतात, आणि तेवढ्यावरच ड्रेस 'बसणारा' आणि 'लोंबणारा' यातला फरक ठरला होता. कागदावर त्याची नोंद शून्य. पाठीत मध्यभागी कंबरेच्या जोडावर १ सेमी जास्त दाबून, कडेला शून्यावर नेलेलंही सापडलं. तीही दुरुस्ती कापडावरच झालेली.

मग कोणीही विचारेल की उसवलेला तुकडाच कागदावर ठेवून का काढू नये? मी ते करून पाहिलं. कळीच्या मध्यावर, उभ्या धाग्यावर, कागदात ६२ सेमी लांबी होती. कापडात ६०.८. मात्र त्याच कळीची तिरकी कड कागदापेक्षा जवळपास एक सेमी लांब भरली. मध्य आटला, कड वाढली. अशा तुकड्याभोवती पेन्सिल फिरवली असती तर जुन्या कापडाचं थकलेपण नव्या कापडात बेतलं गेलं असतं. म्हणून आकार कागदाचाच ठेवला आणि तुकड्यांवरून फक्त आकडे घेतले, तेही उभ्या किंवा आडव्या धाग्यावर मोजून.

लांबीचा उलगडा त्यातच झाला. पहिलं कापड मी न धुता बेतलं होतं. (का, ते विचारू नका. घाई होती.) ते उभ्या धाग्यात २ टक्के आटलं. घेर १.२ सेमी आखूड झाला, खांद्यापासून कंबरेपर्यंतची बॉडी ४१ ची ४०.२ झाली. ताईला आवडणारी लांबी ही आटल्यानंतरची लांबी. या वेळी कापड धुऊनच बेतणार होते, त्यामुळे कागद होता तसा वापरला असता तर ड्रेस एकूण २ सेमी लांब आणि कंबर ०.८ सेमी खाली आली असती. म्हणून चक्क कागदच कापून आखूड केला.

मापं तीच आहेत

ती तीच नव्हती. सात वर्षांत कोणाची असतात? वहीत छाती ८८ लिहिली होती, टेपने ९१ दाखवली. कंबर २ सेमीने वाढलेली. ताईने टेपवर संशय घेतला, मग दुसऱ्या टेपने मोजून दिलं.

छातीत वाढवायचे ३ सेमी चार बाजूंना सारखे वाटून टाकणं सोपं असतं, आणि बहुतेक वेळा आपण तेच करतो. पण पाठीची फट आधीच सांगत होती की कापड कुठे कमी पडतंय. म्हणून पाठीचा तुकडा खांद्याच्या मध्यापासून कंबरेपर्यंत उभा चिरला आणि ०.७ सेमी उघडला. पाठीच्या दोन्ही अर्ध्या बाजू मिळून १.४. उरलेले १.६ बाजूंच्या शिवणींत, प्रत्येक थराला ०.४, कंबरेपर्यंत उतरवत शून्य. मुंढा तितका वाढला म्हणून बाहीच्या शिवणीतही ०.४ वाढवले, नाहीतर बाही मुंढ्यात बसली नसती.

चिरल्याने पाठीचा खांदा पुढच्यापेक्षा ०.७ सेमी लांब झाला. एवढं जास्तीचं कापड शिवताना मुरवता येतं, म्हणजे चुणी न पडता सामावून घेता येतं, पाठीचा थर खाली ठेवून, न ओढता. मागचा खांदा थोडा मुरवलेला असला की पाठीच्या हाडांवर कापड चांगलं बसतंही. चिरेची रेघ मी डार्टच्या आत, मध्याकडे उतरवली होती, त्यामुळे कंबरेला वाढलेलं कापड सरळ घेराच्या मागच्या मधल्या कळीत गेलं आणि कळीची शिवण डार्टला मिळालेलीच राहिली. बाजूंना कंबरेत काही वाढवलं नाही. आधीची आत घेतलेली रेघ कायम ठेवली, आणि उरलेला थोडा फरक लूजिंगमधून, म्हणजे अंगाच्या मापावर ठेवलेल्या सैलपणातून, भागला.

गळा पुढे १.२ सेमी खाली घेतला, ताईचा वाढलेला गळा कागदावर यावा म्हणून. फरक इतकाच की नवा तिथेच थांबायला हवा होता.

कापड

तेच कापड सात वर्षांनी मिळत नाही, शोधण्यात वेळ घालवू नये. त्याच्या जवळचं शोधायचं, आणि 'जवळचं' म्हणजे रंगाने नव्हे, वजनाने आणि पडण्याने. जुन्या ड्रेसच्या खालच्या दुमडीत झिज सगळ्यांत कमी असते. तिथून दोन थर मिळून १० सेमी बाय १० सेमीचा तुकडा जमवला आणि बारीक वजन दाखवणाऱ्या काट्यावर ठेवला. १.१ ग्रॅम. शंभराने गुणलं की चौरस मीटरला ११० ग्रॅम. धुण्यांनी थोडं गेलं असेल, म्हणून ११० ते १२५ मध्ये शोधलं. ताईला प्रथम आवडलेलं कापड १४५ भरलं. त्यात सहा कळ्यांचा घेर छत्रीसारखा उभा राहिला असता. दुसरं व्हिस्कोस होतं, वजन अगदी जुळणारं, पण हातावर टाकलं की पाण्यासारखं ओघळायचं. वजन सारखं असूनही पडणं वेगळं असू शकतं, त्यामुळे काट्यानंतर हातावर टाकून पाहायलाच हवं. शेवटी ११८ चं सुती घेतलं, गडद हिरवं. निळं हवं होतं, पण ताईने हट्ट सोडला.

त्याच्या एका टोकाला ५० बाय ५० सेमीचा चौकोन दोऱ्याने आखून, पुढे जसं धुतलं जाणार तसंच धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. उभ्या धाग्यात ४८.२ उरले, आडव्यात ४९.५. म्हणजे उभ्यात ३.६ टक्के, जुन्या कापडाहूनही जास्त. न धुता बेतलं असतं तर घेर दोन सेमीहून जास्त वर चढला असता. सगळं कापड दोनदा धुतलं.

पन्हा (कापडाची रुंदी) मात्र जुन्यापेक्षा लहान होता आणि छपाई एका दिशेची. कळ्या बेतताना एक सुलटी, एक उलटी ठेवून कापड वाचवतात. इथे फुलांच्या माना खाली गेल्या असत्या. अर्धा मीटर जादा घेतलं होतं म्हणून निभावलं.

मांजरपाट

बॉडी आणि एक बाही आधी तपासून पाहायला मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, कच्ची शिवली. ताईला सरळ उभं करून काही कळत नाही, सरळ उभं असताना सगळेच कपडे बसतात. तिला हात पुढे करून गाडीचं हँडल धरल्यासारखं बसवलं. पाठ ओढत नव्हती. हात वर केले तर मात्र सगळी कंबर वर गेली. मुंढा खोल होता, जुन्यातही तसाच होता. मला लगेच तो एक सेमी वर घ्यावासा वाटला. ताईने ठामपणे नको म्हटलं. तिला काखेतला मोकळेपणा हवा होता. मी थोडी हिरमुसले, पण तिचं बरोबर होतं. पाठीची फट ही ड्रेसची तक्रार होती. मुंढ्याबद्दल ना ड्रेसची तक्रार होती ना ताईची, ती फक्त माझी होती.

शिवण

इथे फारसं सांगण्यासारखं नाही. सुई ८०/१२, टाका २.५ मिमी. गळ्याच्या वळणावर बेतल्याबरोबर, तुकडा हलवण्याआधी, मार्जिनच्या आत एक टीप. गळ्याच्या पट्टीला पातळ फ्यूजिंग. खिशाच्या तोंडाला आतून नव्या कापडाच्याच काठाची एक सेमी रुंद पट्टी, कारण काठ ताणला जात नाही आणि वेगळी फीत आणावी लागत नाही. खिशाच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे दाट टाके. काखेत अस्तराचे पानाच्या आकाराचे तुकडे, वेगळे काढून धुता येतील असे हातशिलाईने टाचलेले.

घेर जोडल्यावर ड्रेस पूर्ण एक दिवस टांगून ठेवला आणि मगच खालची दुमड घातली. तिरक्या कडा त्या एका दिवसात दीड सेमीपर्यंत उतरल्या. लांबी ताईला उभं करून जमिनीपासून वर मोजून आखली, कंबरेपासून खाली मोजून नव्हे.

मग ताईने घातला, आरशात पाहिलं, मान डोलावली आणि सवयीने हात खिशात घातला. हात खिशात गेलाच नाही. बाजूच्या शिवणीवर घसरून थांबला. पुन्हा तेच. खिसा खाली होता.

मी कागद आणला, खिशाची खूण दाखवली, मी बरोबर त्या खुणेवर लावला होता. मग जुन्या ड्रेसची न उसवलेली डावी बाजू मोजली. खिसा खुणेपेक्षा २.५ सेमी वर. सात वर्षांपूर्वी मी तो चुकीच्या जागी लावला होता, आणि ताईचा हात त्या चुकीला सरावला होता. उजव्या बाजूचा खिशाचा तुकडा मी हातात घेऊन, फाटलेलं टोक बारकाईने पाहून, वर आधार कसा द्यायचा ते ठरवलं होतं. तो कुठे लावला आहे हे मात्र मोजलं नव्हतं. दोन्ही खिसे उसवले. डावीकडे चेन असल्याने ती अर्धी काढावी लागली. सबंध संध्याकाळ गेली.

पाच महिन्यांनंतर

गळा ६०.८ सेमी. मागच्या मुंढ्याची शिवण उजेडात धरून पाहिली, कुठेही शिडी नाही. खिशाची टोकं शाबूत, फोन तोच. पहिले काही आठवडे ताई म्हणायची, "चांगला आहे, पण अजून तो नाही." नवं कापड जरा कडक होतं. हल्ली ती असं म्हणत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

काखेतले अस्तराचे तुकडे मात्र फसले. धुतल्यावर गोळा व्हायचे आणि टोचायचे. तिसऱ्या महिन्यात ताईने मला न विचारता ते कातरून टाकले. अस्तर पातळ घेऊन मुंढ्याच्या शिवणीतच धरायला हवं होतं, असं आता वाटतं. करून पाहिलेलं नाही.

ब्राउन पेपरवर आता पेनाने लिहिलं आहे: मार्जिन धरलेलं नाही. कंबर ०.८ आत. पाठ ०.७ चिरलेली. बॉडी आणि घेर आखूड केलेले, कापड धुऊनच बेतायचं. काखेचं अस्तर वेगळं टाचू नये. खिशाची जुनी खूण खोडून २.५ सेमी वर नवी काढली आहे. जुन्या ड्रेसची डावी अर्धी बाजू ताईने परत मागितली होती. ती अजून दिलेली नाही, कारण तिसरा शिवताना लागेल.